सोलमधल्या मॉडर्न कोरियन पबमध्ये जेवायला जायचंय, काय मागवू आणि कशी वागू?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. कामासाठी तीन आठवडे सोलला आलेय. पहिला आठवडा ऑफिसचं कॅन्टीन, कोपऱ्यावरच्या दुकानातले त्रिकोणी गिमबाप (शेवाळ्याच्या पानात गुंडाळलेला भात) आणि बॅगेतून आणलेलं मेतकूट यावर निभला. आता गुरुवारी इथल्या टीमने सॉन्गसु भागात टेबल बुक केलंय, आम्ही सहा जण, आणि लिंक उघडून बघितली तर ते हॉटेल आहे की बार हेच कळेना. फोटोत अंधुक उजेड, लांब लाकडी काउंटर, मागे बाटल्याच बाटल्या, आणि पुढ्यात मातीच्या ताटलीत मधोमध चमचाभर काहीतरी अन् त्यावर एक पान. मेन्यू फोनवर ट्रान्सलेट केला तर त्यात 'सहा वेळा' नावाचा पदार्थ निघाला, किंमत २६,००० वॉन. काय सहा वेळा ते लिहिलेलं नाही.

तर मला बीफ-पोर्क चालत नाही, मासे-चिकन चालतं, आणि माझ्यासोबत आलेला कलीग पक्का शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. दारूचं म्हणाल तर मी अर्धा ग्लास बिअरवर तासभर काढणारी बाई, तो तेवढीही घेत नाही. टीम लीड वयाने बराच मोठा आहे, माणूस चांगला आहे, पण त्याच्यासमोर काहीतरी वेडेपणा नको व्हायला. अशा ठिकाणी पोट भरतं का, की आधी काही खाऊन जाऊ? ग्लास नाकारला तर राग येतो का? जाणकारांनी प्लीज सांगा, तीन दिवस आहेत.

टवाळ

'सहा वेळा' म्हणजे बिल बघून डोळे चोळायचे, सहा वेळा.

जाणकार येईपर्यंत मी इथेच बसतो. चखणा कुठाय?

सोलकढी

छत्री, ते 'सहा वेळा' मागवू नकोस बाई. तो युक्वे आहे, कच्चं बीफ, बारीक चिरून तिळाच्या तेलात कालवलेलं, बरोबर नाशपतीच्या काड्या आणि वर कच्चा पिवळा बलक. कोरियनमध्ये 'युक' म्हणजे सहाही होतं आणि मांसही, 'वे' म्हणजे वेळाही होतं आणि कच्चं मांस-मासाही, त्यामुळे ट्रान्सलेट करणारं यंत्र तिथे हमखास आपटतं. मी इथे नऊ वर्षं आहे आणि 'सहा वेळा' लिहिलेले इंग्लिश मेन्यू चक्क छापून भिंतीवर लावलेले पाहिलेत.

हॉटेल की बार, तर याला इथे सुलजिप म्हणतात, सुल म्हणजे दारू आणि जिप म्हणजे घर. पण आपल्या डोक्यातला बार आणायचा नाही, कारण इथे रिकाम्या पोटी नुसतं पीत बसणं ही कल्पनाच लोकांना विचित्र वाटते. बसलं की दारूबरोबर खाणं मागवायचंच, त्या खाण्याला आन्जू म्हणतात. टवाळ चखणा म्हणतोय, ते नातं बरोबर आहे पण कोरियन माणसासमोर म्हणू नकोस, कारण चखणा म्हणजे आपण शेंगदाणे आणि काकडी समजतो, आणि इथे आन्जूत वाफाळता रस्सा, तळलेली आख्खी कोंबडी, लोखंडी तव्यावर चुरचुरत येणारं धिरडं असं काहीही असतं. तू बघितलेली नव्या धर्तीची ठिकाणं त्याच आन्जूला नीट ताटलीत मांडतात, एवढाच फरक. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे, प्रत्येक ताटली कुठल्यातरी ग्लासासाठी बनवलेली असते. म्हणून चव चढी असते, नुसती खाल्लीस तर वाटेल मीठ जास्त पडलंय, आंबट जास्त झालंय. घोटभर काहीतरी घे वर, मग ती जागेवर बसते.

आता पोट भरण्याचं. कोरियन लोक संध्याकाळ तुकड्यात काढतात, पहिला टप्पा इल्छा, दुसरा इछा, तिसरा सामछा. इल्छाला दणकून जेवण, इछाला सुलजिप, सामछाला गाण्याच्या खोलीत बसून घसा फाडायचा. तर तुझ्या टीम लीडला आधी हळूच विचार की हा इल्छा आहे की इछा. इछा असेल तर मंडळी जेवून आलेली असणार आणि सहा जणांत तीन ताटल्या येतील. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी दुपारपासून पोट रिकामं ठेवून गेले आणि रात्री बारा वाजता कन्व्हिनियन्स स्टोअरच्या बाहेर उभी राहून कप रामेन खाल्लं. इल्छाच असेल तर काळजी नाही, शेवटी भाताचं किंवा नूडल्सचं काहीतरी मागवतातच, आपला मागचा भात असतो ना तसं, त्याशिवाय पान पूर्ण झालं असं त्यांनाही वाटत नाही.

ग्लासाचं सांगते. स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, शेजारच्याचा भरायचा. मोठ्या माणसाला ओतताना आणि त्याच्याकडून घेताना दोन्ही हात, किंवा उजव्या हाताला डाव्याचा आधार. देवळात तीर्थ घेताना डावा हात आपोआप खाली जातो ना, अगदी तसंच, तुला शिकावं लागणार नाही. पिताना मोठ्यांकडून तोंड जरा बाजूला वळवायचं. आणि तुझ्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट: ग्लास रिकामा झाल्याशिवाय इथे परत भरत नाहीत, अर्ध्या ग्लासात ओतणं अशुभ मानतात कारण पितरांच्या विधीत तसं ओततात. म्हणजे तू तुझा अर्धा ग्लास तासभर तसाच ठेवलास तर कोणी हात लावणार नाही :) ग्लास रिकामा करून ठेवणं म्हणजे 'अजून द्या' म्हणणं.

कलीगने सरळ सांगावं मी पीत नाही. तरुण टीम असेल तर आजकाल कोणी मागे लागत नाही. एखादा जुना खोड लागलाच तर 'हान्याक चालू आहे' म्हणायचं, म्हणजे जडीबुटीचं औषध, यापुढे कोरियात कोणी वाद घालत नाही. गाडी आणलीय हे कारण देऊ नका, ते चालत नाही, इथे फोन केला की माणूस येतो आणि तुमची गाडी तुमच्यासकट चालवत घरी सोडतो, देरी-उंजॉन म्हणतात त्याला.

खवय्या_काका

ताईंनी छान लिहिलंय पण माझं मत वेगळं. मी दोन वेळा गेलोय सोलला, आणि ही मातीची ताटली आणि त्यात एक पान हे सगळं थोतांड आहे. चार जणांनी खाल्लं, शिकलेले वेटर येऊन प्रत्येक ताटलीचं निरूपण करून गेले, कुठल्या डोंगरातली भाजी, कुठल्या म्हातारीने मुरवलेला सोया सॉस, आणि बिल दोन लाख वॉनच्या वर. आपल्या हिशोबाने हजार वॉनला साधारण साठ रुपये धरा. घरी येऊन मी केळं खाल्लं.

त्यापेक्षा ग्वांगजांग मार्केटात जा. बाकावर बसा, समोर जात्यावर मूग दळतायत, तिथेच तेलात बिनदेत्तोक तळून देतात. म्हणजे काय तर मुगाचं जाड धिरडं हो, कडेने कुरकुरीत. सोबत पितळी रंगाच्या पोचे पडलेल्या वाडग्यात मक्गॉली, म्हणजे तांदळाची दुधाळ दारू. कोणी निरूपण करत नाही.

सोलकढी

काका, ग्वांगजांगला ना नाहीच, मी स्वतः पाहुणे आले की तिथे नेते. पण थोतांड म्हणालात म्हणून जरा लांबण लावते.

ती स्वस्त हिरव्या बाटलीतली सोजू, इथली रोजची दारू आहे ना, ती मुळात अशी नव्हती. सोजू मुख्यतः तांदळाची असायची, गाळलेली, घरोघरची वेगळी. जपानी राजवटीत कर आणि परवाने आले तशी घरी करायची पद्धत मोडत गेली, आणि मग १९६५ साली तांदळाची टंचाई म्हणून सरकारने धान्यापासून सोजू करायलाच बंदी घातली. तेव्हापासून कारखान्यात टॅपिओका, रताळं अशा कशापासूनही जवळपास शुद्ध अल्कोहोल काढायचं, पाणी घालून पातळ करायचं, गोडवा घालायचा आणि बाटलीत भरायचं. आज ती १६ टक्क्यांच्या आसपास असते आणि सगळ्या ब्रँडची चव जवळपास सारखी. जुनी आन्दोंग सोजू पिऊन बघा, ४५ टक्के, तांदळाचा वास येतो, हे दोन एकाच नावाचे पदार्थ आहेत यावर विश्वास बसत नाही. घरी दारू मुरवायला परत परवानगी मिळाली तीच मुळी १९९५ मध्ये. म्हणजे एक-दोन पिढ्यांची चवच मध्ये गळून पडली.

ही नवी सुलजिप जी निघालीत त्यातल्या बऱ्याच जणांचा खटाटोप तिथे आहे. छोट्या भट्ट्यांची मक्गॉली आणायची, जिच्यात तांदूळ, पाणी आणि नुरुक एवढंच, नुरुक म्हणजे गव्हाची बुरशी चढवलेली ढेप, तेच विरजण. साध्या दुकानी मक्गॉलीत बहुतेक वेळा कृत्रिम गोडवा असतो, हिच्यात नसतो, म्हणून ती पहिल्या घोटाला आंबट ताकासारखी लागते आणि मग मागून भात येतो. साधी सहा टक्के असते, ही बारापर्यंतही जाते, तर छत्री, दुधासारखी दिसते म्हणून गटागट पिऊ नकोस. आणि बाटली येईल तेव्हा खाली साका बसलेला असतो, हलवायची का नाही ते विचार, काही जण आधी वरचं नितळ ओततात आणि मग हलवून दुसरा ग्लास, एकाच बाटलीत दोन चवी.

सोया सॉसवाल्या म्हातारीचं पण तसंच. सोयाबीन शिजवून, कुटून, विटा करून भाताच्या पेंढ्याने बांधून टांगायच्या, त्या मुरल्या की मिठाच्या पाण्यात मोठ्या रांजणात घालायच्या, काही महिन्यांनी वरचं पाणी ते कान्जांग आणि खालचा लगदा तो द्वेन्जांग. एकाच रांजणातून दोन. वर्षानुवर्षं मुरवलेलं कान्जांग काळं, दाट आणि जवळजवळ गुळचट असतं, आणि ते थेंबभरच लागतं. या सगळ्या मुरवलेल्या सोयाच्या प्रकारांना मिळून जांग म्हणतात, आणि ही जांग मुरवायची पद्धत युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या वारशाच्या यादीत घेतली. सोलमधल्या मिंगल्स या मोठ्या नावाच्या रेस्टॉरंटने तर द्वेन्जांग, कान्जांग आणि गोचुजांग (मिरचीची मुरवलेली चटणी) तिन्ही घालून चक्क गोड पदार्थ केला आणि तोच त्यांचा सगळ्यात गाजलेला. तर एका पानाखाली कधी कधी खरंच काहीतरी असतं काका. कधी कधी नसतं, हे पण मान्य. सोलच्या उल्जिरो भागात छापखान्यांच्या गल्लीत पाटी न लावलेल्या जिन्याने वर जाऊन मी पण २४,००० वॉनला कॉर्न-चीज खाल्लंय, मक्याचा डबा उघडून वर चीज.

उंबरठा

शाकाहारी कलीगसाठी लिहितोय, मी स्वतः शाकाहारी आणि सोलमध्ये दीड वर्ष काढलंय. 'गोगी पेजुसेयो' म्हणजे मांस काढा, हे वाक्य सगळे शिकवतात आणि ते अर्धवट आहे. गोगीमध्ये मासे येत नाहीत. आपल्याकडे नाही का किनारपट्टीला म्हणतात, मासे म्हणजे काय मांस का, तोच प्रकार. मी गोगी नको सांगितलं आणि पाजॉन मागवलं, पातीचं धिरडं, त्यात काय असणार, तर आलं ते कोळंबी आणि माकुळाने भरलेलं. वेट्रेसला खरंच कळेना माझं तोंड का उतरलं.

दुसरं म्हणजे रस्सा. दिसायला भाजीचा असला तरी खाली सुकवलेल्या छोट्या माशांचं पाणी असतं, म्यॉल्ची म्हणतात त्या माशांना. किमचीत, म्हणजे मुरवलेल्या कोबीतपण बहुतेक वेळा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. पांढरी किमची तिखट नसते म्हणून लोक समजतात ती सोवळी, तसं काही नाही. तर विचारायचं ते 'युक्सु' बद्दल, म्हणजे रस्सा कशाचा, आणि 'एक्जॉत' म्हणजे माशाचा सॉस आहे का. फोनवर वाक्य कोरियनमध्ये लिहून दाखवा आणि आदल्या दिवशी ठिकाणाला कळवून ठेवायला टीममधल्या कोणालातरी सांगा, ऐनवेळी किचनवाले काही करू शकत नाहीत कारण सॉस आधीच मिसळलेले असतात.

मिळण्यासारखं: गामजाजॉन, किसलेल्या बटाट्याचं धिरडं, मूळ पद्धतीत बटाटा आणि त्याचाच साका एवढंच, अंडं नाही. नव्या ठिकाणी वर चीजचा कीस पाडतात. दोतोरीमुक, ओकच्या फळांच्या पिठाची थरथरती वडी, वर कान्जांग आणि तीळ. गिम-बुगाक, समुद्री शेवाळ्याच्या पानाला चिकट तांदळाची खळ फासून वाळवून तळलेलं, आपल्या पापडांशी थेट नातं, मी एकट्याने दोन बश्या संपवायचो. दुबु-किमची नावाने फसू नका, टोफू साधा पण किमची बरेचदा पोर्कबरोबर परतलेली.

आणि एक दिवस मोकळा असेल तर जोग्येसा मंदिरासमोर बालु गोंगयांग आहे, बौद्ध मठाचं जेवण. मांस-मासे नाहीतच वर लसूण-कांदाही नाही. माझ्या आईला फोटो पाठवला तर म्हणाली हा तर चातुर्मास. २०१६ च्या शेवटी सोलचं पहिलं मिशलिन गाइड आलं त्यात याला स्टार होता. दारू मात्र विसरा.

सोलकढी

+१ उंबरठा, एक्जॉतचं मी लिहायला विसरले होते. एक भर, काही सुलजिपमध्ये माणशी एक तरी ड्रिंक घ्यावंच लागतं असा नियम दारावर लिहिलेला असतो. नॉन-अल्कोहोलिक बिअर किंवा ओमिजाचं (एक लाल आंबट फळ) सरबत बहुधा चालतं, पण कलीगने अपमान वाटून घेऊ नये, आन्जूच्या किमती त्या हिशोबाने धरलेल्या असतात. गर्दीच्या दिवशी टेबल दोन तासांसाठीच. टीप ठेवायची नाही, टॅक्स किमतीतच धरलेला असतो. टेबलावर बेल असेल ती दाबायची, हात हलवत बसू नका. बिल बहुतेक एकच जण भरेल, तू पाकीट काढून झोंबाझोंबी करू नकोस, पुढच्या टप्प्याची कॉफी तू पाज, ते जास्त आवडतं.

टवाळ

चमचे कुठे असतात ते सांगा ना तिला. टेबलाच्या पोटाला ड्रॉवर असतो त्यात. मी पंधरा मिनिटं हाताने टोफू खाल्ला होता एकदा.

निळी_छत्री

मंडळी, जाऊन आले. आज शुक्रवार, डोकं जागेवर आहे.

इल्छाच होता, सोलकढीताईंचा प्रश्न विचारला तर टीम लीड इतका खूश झाला की मला इछा शब्द माहीत आहे याचीच अर्धा तास चर्चा. ड्रॉवर सापडला (टवाळ, धन्यवाद). कलीगचं आधीच कळवून ठेवलं होतं, त्यामुळे त्याच्यासाठी मुद्दाम कान्जांग आणि पेरिलाच्या (तुळशीच्या कुळातलं एक झाड) बियांच्या तेलातल्या नूडल्स केल्या होत्या, रस्सा नाहीच. पेरिलाचा वास मला काही झेपला नाही, त्याला मात्र भयंकर आवडला. गामजाजॉन आलं, वर चीजचा एवढा ढीग की बटाटा शोधावा लागला, पण कडा... कडा जाळीदार, करपण्याच्या एक पाऊल अलीकडे. एक माशाचं होतं, वाळवून हलकं भाजलेलं, बरोबर मुरलेल्या मुळ्याची चकती, नुसतं खाल्लं तर खारट ढाण होतं. मग मक्गॉलीचा घोट घेतला वर. ताई, तुम्ही म्हणालात तसं जागेवर बसलं. मला एकदम कळलं की आधीच्या ताटल्या मी चुकीच्या खात होते, पाण्याबरोबर.

अर्ध्या ग्लासाची युक्ती शंभर टक्के चालली. दोन तासांत दोनच वेळा भरला.

आता फजिती. मध्येच वेटरने न मागवलेली एक ताटली आणून ठेवली, गिम-बुगाक, आणि हसून म्हणाला 'सर्व्हिस'. मला वाटलं सर्व्हिस चार्जची काहीतरी भानगड आहे, तुम्ही तर म्हणाला होतात टीप नसते. मी घाईघाईने नको नको करत ताटली त्याच्याकडे परत सरकवली. टेबलावर शांतता. वेटर ताटली धरून उभा. मग शेजारच्या मुलीने समजावलं.

सोलकढी

अगं देवा :)) इथे 'सर्व्हिस' म्हणजे फुकट, दुकानाकडून. एवढं सगळं लिहिलं आणि नेमकं तेच राहिलं.

निळी_छत्री

हो ना. मग मी दोन्ही हातांनी ती ताटली परत घेतली, तीर्थासारखी, आणि सगळे हसले. रविवारी पावसाचा अंदाज आहे, टीमच्या दोघी ग्वांगजांगला चला म्हणतायत. काका, त्या मुगाच्या धिरड्यात पोर्क असतं का हो?

खवय्या_काका

साध्यात मूग, मोड आणि पात. पण काही जण वाटणातच पोर्क घालतात. तव्यावर टाकायच्या आधी विचार, टाकल्यावर विचारून उपयोग नाही.